खाप्याच्या पुराची बातमी

१

सोमवारी सकाळी दूधवाला यायच्या आधीच नागपूरच्या महाल भागात बोभाटा झाला होता, की खोरगड्यांचे रामाजी टीव्हीवरची खोटी बातमी ऐकून मेले. मंगळवारच्या पेपरात तर फोटोच आला. महादेवराव उमाठ्यांनी तो चहा घेता घेता पाहिला आणि अर्धा कप तसाच बाजूला सारला.

फौजदाराच्या नोकरीत त्यांनी विहिरीतली, रुळावरची, तुरीच्या शेतातली प्रेतं पाहिली होती आणि त्यापायी कधी जेवण टाकलं नव्हतं. पण मेलेल्या माणसाला फोटोसाठी बसवून ठेवलेलं ते पहिल्यांदाच पाहत होते. रामाजी खुर्चीत होते, मान खांद्यावर कललेली, अंगात घडीचा कोरडा सदरा. समोर टीव्ही, आणि तोही चालू. मागे ओसरीतल्या दोरीवर वाळत घातलेले कपडे. एका बाजूला पुतण्या गणपतराव स्वेटर घालून, हात जोडून उभा. दुसऱ्या बाजूला ती बातमी ज्यात होती तो सिनेमा काढणारा भैय्याजी खानझोडे, ज्याचा त्या घराशी काडीचा संबंध नव्हता, कोट घालून आणि चेहरा पाडून. खाली ठळक अक्षरात छापलं होतं, ‘बातमीचा बळी’. म्हातारा कोण, कुठला, याबद्दल एक अक्षर नव्हतं. त्या सिनेमाचं नाव मात्र दोनदा आलं होतं.

महादेवरावांनी पेपर घडी करून गादीखाली सरकवला. घरात कोणी पाहू नये अशी ती वस्तू होती.

त्याच सकाळी अरुंधती देवपुजारी त्यांच्याकडे आली. ती मुलींच्या एका शाळेत मराठी शिकवायची, दोन गल्ल्या सोडून राहायची आणि महादेवरावांच्या सुनेची मैत्रीण होती. आवाज चांगला म्हणून भैय्याजीनं तिला आपल्या टीव्हीच्या सिनेमात घेतलं होतं. सिनेमाचं नाव ‘आत्ताच हाती आलेलं वृत्त’. त्यात नाच नाही, गाणं नाही, नायक-नायिका नाही. सुरुवातीपासून शेवटपर्यंत बातम्याच. अरुंधती टेबलाशी बसून वाचते, मध्येच कोणी तिच्या हातात कागद देतो, फोन वाजतो, नदीकाठावरून एक बातमीदार ओरडून सांगतो, की वरचं धरण फुटलं, कन्हानचं पाणी चढतं आहे. धरण कोणी फोडलं, हे शोधायचं आणि शेवटी मंत्र्याच्या मेहुण्याला पकडायचं, अशी ती गोष्ट. सगळं आत्ता, या क्षणी घडतं आहे असं वाटलं पाहिजे, हा भैय्याजीचा हट्ट होता. हे काल्पनिक आहे अशी पाटी फक्त सुरुवातीला एकदा येत होती.

रविवारी दुपारी तो टीव्हीवर लागला, पण पाहिला कोणी? माघातली मोठी लग्नतिथी होती, अर्धं नागपूर पंगतीला बसलेलं. अरुंधतीच्या स्वतःच्या मावशीला पाहता पाहता डुलकी लागली होती. आणि आता तोच सिनेमा सगळ्यांच्या तोंडी झाला होता. शाळेच्या मंडळानं तिला घरी बसायला सांगितलं होतं, येत्या सोमवारी बैठक होती आणि तीत तिला काढणार हे शिपायालाही माहीत होतं. गल्लीतल्या बाया तिला पाहून दार लोटून घेत होत्या.

नोकरीचं ती बोलली, पण तेवढ्यासाठी ती आली नव्हती हे महादेवरावांना दिसत होतं. डोळे सुजलेले होते.

“काका, खापा बुडालं हे मी वाचलं,” ती म्हणाली. “ते ऐकून माणूस मेला. मी मारलं का त्यांना? मला तेवढंच सांगा. मग शाळेनं काय करायचं ते करू दे.”

आपण निवृत्त आहोत, पित्ताचा त्रास आहे, ही कामं ठाण्याची आहेत, असं महादेवरावांनी पुष्कळ ऐकवलं. ऐकवता ऐकवता पायात चपला घातल्या.

२

भैय्याजी खानझोडे पूर्वी लग्नाच्या वरातींना बँड पुरवायचा, मग दुकानांच्या जाहिराती करू लागला, आणि आता स्वतःला निर्माता-दिग्दर्शक म्हणवून घेत होता. सीताबर्डीच्या त्याच्या खोलीत पाय ठेवताच महादेवराव दारातच थांबले. टेबलावर नव्या भित्तिपत्रकाचा नमुना पसरलेला होता. त्यावर रामाजींचा तोच फोटो, आणि वर लाल अक्षरात, ‘कमजोर काळजाच्या माणसांनी पाहू नये’.

भैय्याजीनं खुर्ची पुढे केली, पान पुढे केलं, आणि शोक करायचा की पेढे वाटायचे हे न कळलेल्या माणसाचं तोंड करून बसला. गावातले दोन व्हिडिओवाले कॅसेट मागून राहिले होते. कामठीहून निरोप आला होता. छिंदवाड्याचा एक जण तर उद्याच येणार होता.

“खरं सांगू का महादेवरावजी,” तो पुढे झुकून म्हणाला, “पिक्चर कोणीच पाह्यली नव्हती. माह्या बायकोनं नाही पाह्यली. मी तर संपलो होतो गा. देवानं एक माणूस धाडला.”

महादेवरावांनी पान परत तबकात ठेवलं. या माणसाच्या कानाखाली एक ठेवून द्यावी असं त्यांना मनापासून वाटलं, पण विचारायचं अजून राहिलं होतं.

रामाजी गेल्याचं याला कळलं कसं, हा पहिला प्रश्न होता. भैय्याजीनं अभिमानानं सांगितलं, की गणपतराव स्वतः सायकल मारत आला. दिवे लागले होते. सिनेमाच्या शेवटी भैय्याजीचं नाव आणि पत्ता येतो, तो त्यानं वाचला होता. येऊन म्हणाला, की तुमच्या बातमीनं आमचे दादाजी, म्हणजे काका, गेले. भैय्याजीचा फोटोग्राफर तिथं बसलेलाच होता. सगळे रिक्षा करून निघाले. डॉक्टर त्यांच्या नंतर आला.

“म्हणजे डॉक्टरच्या आधी तुमच्याकडे?”

“हो ना. राग आला असन त्याले.”

“रागावला होता?”

भैय्याजी घुटमळला. रागावला नव्हता, असं त्याला आठवलं. उलट फोटो काढू का विचारलं, तर खुर्ची कुठं ठेवू म्हणाला. टीव्ही त्यानंच लावून दिला, त्यावर तेव्हा शेतीचं काही चालू होतं. भैय्याजीची तक्रार एकच होती. मागची कपड्यांची दोरी त्याला चित्रात नको होती. धोतर, सदरा, कापूस भरलेली बंडी, टोपी, सगळं लोंबत होतं आणि खुर्ची सरकवताना त्याचं पाणी फोटोग्राफरच्या मानेवर टपकत होतं. पण काढायला गेलं तर घरातली बाई आडवी आली. राहू द्या म्हणाली, हात लावू नका.

महादेवरावांनी त्या फोटोची मोठी प्रत मागून घेतली. भैय्याजीनं ती खुशीनं दिली आणि पुढच्या भागात तपास करणाऱ्या अधिकाऱ्याचं काम आहे, चेहरा तुमचा बरा आहे, असंही सुचवलं. महादेवराव जिना उतरले, रस्त्याच्या नळावर तोंड धुतलं, आणि तडक खोरगड्यांच्या घराकडे वळले.

३

खोरगड्यांचं घर गल्लीच्या टोकाला होतं. पुढे ओसरी, मध्ये स्वयंपाकघर, आणि मागे उंच भिंतींचं अंगण, त्यात नळ. गणपतराव ओसरीत गादीवर बसला होता आणि येणाऱ्या प्रत्येकाला तीच हकिगत त्याच शब्दांत सांगत होता. महादेवरावांना त्याचे रडके डोळे दिसले, आणि रडता रडता समोरच्याकडे पाहायची सवयही दिसली.

हकिगत अशी. तिघंही टीव्हीसमोर होते, गणपतराव, त्याची बायको सुभद्रा आणि दादाजी. सुरुवातीची पाटी त्यांच्या पाहण्यात आली नाही, टीव्ही मधूनच लावला होता. आधी गंमत वाटली, मग त्या बाईनं खाप्याचं नाव घेतलं. खापा पाण्याखाली, नदीकाठचं कोणी वाचलं नाही. दादाजींची एकुलती एक पोर भागीरथा खाप्याला, नदीकाठीच राहणारी.

“आमाले बी खरंच वाटलं, साहेब,” गणपतराव म्हणाला. “टीव्हीवर बाई सांगून राहिली, ते खोटं कोण मानन? दादाजीनं छातीले हात लावला अन् बसल्या जागी गेले. हूं का चूं नाही केलं.”

“तुमी काय केलं?”

“काय करणार? भागीरथा माही चुलतबहीण. एकीकडं तिचं, एकीकडं दादाजीचं. डोकंच चाललं नाही.”

भैय्याजीकडे आधी का गेलात, असं विचारल्यावर तो म्हणाला, की पिक्चरच्या शेवटी नाव आलं तेव्हा कळलं, की सगळं नाटक होतं, आणि मग संताप अनावर झाला. उत्तर तयार होतं. महादेवरावांना ते घासून पुसून ठेवलेल्या भांड्यासारखं वाटलं.

सुभद्रा चौकटीशी उभी होती. हकिगत चालू असताना तिनं एकदाही नवऱ्याकडे पाहिलं नाही. ती मागच्या अंगणाच्या दाराकडे पाहत होती, जिथं आतून लोखंडी कडी होती. तिला काही विचारलं, की उत्तर गणपतरावच देई. ती स्वयंपाकघरात होती, ती घाबरली, तिला काही माहीत नाही. मघाशी तर तिघंही टीव्हीसमोर होते, असं महादेवरावांनी बोलून दाखवलं नाही.

भागीरथा आलेली होती. वाळलेल्या अंगाची, चाळिशीच्या आतबाहेरची ती बाई आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. आपण जिवंत असताना आपल्या मरणाच्या बातमीनं बाप गेला, हे लोक तिला येऊन येऊन सांगत होते, आणि ती प्रत्येकाकडे नुसती पाहत होती. येणारे तिच्याकडे असं टक लावून बघत, की जणू तिनंच बुडून जायला हवं होतं. महादेवरावांना तिथं बसवेना.

ते चपला घालत होते तेव्हा सुभद्रा पाण्याचा गडू न्यायला बाहेर आली. गणपतराव आत कोणाशी बोलत होता. तिनं वाकून गडू उचलला आणि खालच्या मानेनंच बोलली.

“बायजाबाईले वडे कसे लागले, तेवढं इचारा त्याईले.”

आणि ती आत गेली.

४

बायजाबाई समोरच्या घरात एकटी राहायची. तिला टीव्ही नव्हता, पण गल्लीतलं तिच्यापासून काही लपत नव्हतं. महादेवरावांना तिनं ओट्यावर बसवलं आणि न विचारता सगळं सांगायला घेतलं.

रामाजी आणि त्यांची पोर कितीतरी वर्षं बोलत नव्हते. तिनं मनानं लग्न केलं होतं. दिवाळीत तिचा नवरा वारला, तेव्हा म्हातारा विरघळला. खाप्याला जाऊन आला, नातवंडं पाहून आला, आणि परत आल्यावर घरात सांगून टाकलं, की मी आता पोरीकडेच राहीन आणि सावनेरकडची संत्र्याची बाग तिच्या नावानं करीन. गणपतराव ती बाग कसत होता. गेल्या आठवड्यातच म्हाताऱ्यानं ट्रंक भरायला घेतली होती.

“अन् रविवारी?” महादेवरावांनी विचारलं. “वडे आले होते म्हणे.”

बायजाबाईचा चेहरा उजळला. सुभद्रेच्या हातचे उडदाचे वडे, कढईतून निघालेले, बशीला हात लावला तर चटका बसावा असे. तिनं ते सगळे खाल्ले, बशी घासून ठेवली, जरा पडली. मग दिवेलागणीला गणपतरावचा आरडाओरडा ऐकून ती धावली, तर म्हातारा खुर्चीत गेलेला.

“वडे आरडाओरड्याच्या आधी?”

“मोप आधी. उन्हं होती अंगणात. टीव्हीतल्या त्या बाईचं धरण-धरण चालूच होतं, मोठ्यानं, एथपर्यंत ऐकू येत होतं.” ती थांबली. “पण पोरीचा चेहरा काही बरा नव्हता हो. बशी घेऊन उभीच राहिली. काही सांगाचं हाये का, म्हणलं, तर गणपतराव दारातून हाका मारून राहिला, सुभद्रे, चाल. मंग गेली. नळ लई वेळ चालू होता त्यायचा, तेवढं आठवते. रविवारी कोणी धुणं काढते का?”

महादेवरावांनी पिशवीतून फोटो काढला आणि मांडीवर ठेवला. आधी खुर्चीतला म्हातारा पाहिला, मग पुतण्याचा स्वेटर, मग दोरी. धोतर, सदरा, कापसाची बंडी, टोपी. माघातल्या गारठ्यात संध्याकाळच्या वेळी बंडी कोणी धूत नाही. ती दोन दिवस वाळत नाही. आणि टोपी धोतराबरोबर कधीच पाण्यात पडत नाही.

उत्तर आता त्यांना कळलं होतं, आणि ते इतकं घाणेरडं होतं, की चुकलो असू तर बरं, असं त्यांना क्षणभर वाटलं.

“बायजाबाई,” ते म्हणाले, “माहेरचं कोणी गेल्याची खबर कानावर आली, तर तुमी पयले काय करता?”

म्हातारीनं त्यांच्याकडे, या माणसाला आईबापांनी काही शिकवलं नाही का, अशा नजरेनं पाहिलं.

“आंघोळ,” ती म्हणाली. “असन त्या कपड्यानिशी.”

५

दुसऱ्या दिवशी खोरगड्यांच्या ओसरीत माणसं जमली. महादेवरावांनी ठाण्यातल्या फौजदाराला बोलावलं होतं, अरुंधतीला आणलं होतं, भागीरथेला आतून बाहेर बसवलं होतं. भैय्याजी खानझोडे न बोलावता आला होता, फोटोग्राफर घेऊन. महादेवरावांनी फोटोग्राफरला गल्लीच्या बाहेर घालवलं आणि भैय्याजीला उभंच ठेवलं.

मग त्यांनी गणपतरावकडून हकिगत पुन्हा वदवून घेतली. एक शब्द बदलला नाही. बातमी ऐकली, छातीला हात लावला, बसल्या जागी गेले.

“मग या टोपीतून पाणी कशाचं गळत होतं?” महादेवरावांनी फोटो पुढे धरला.

गणपतराव म्हणाला, की दादाजींनी दुपारी आंघोळ केली असेल, पिक्चरच्या आधी.

“बंडी घालून? टोपी घालून? कोणासाठी?” महादेवरावांचा आवाज चढला. “पिक्चरच्या आधी तर सगळे जिवंत होते. अंगावरच्या कपड्यानिशी पाणी माणूस एकाच वेळी घेतो, गणपतराव. तुमच्या काकांनी ऐकलं, खरं मानलं, खुर्चीतून उठले, अंगण ओलांडलं आणि पोरीच्या नावानं नळाखाली बसले. बसल्या जागी मेलेला माणूस नळापर्यंत चालत जात नाही. आणि आंघोळ करून तो स्वतःच कोरडा सदरा घालून खुर्चीत मरायला आला असेल, तर तुम्ही आंघोळीचं लपवलं कशाला?”

भागीरथेनं पदर तोंडाशी धरला होता.

महादेवराव पुढे बोलत राहिले. गणपतराव म्हणतो, आम्हालाही खरं वाटलं. भागीरथा त्याची चुलतबहीण. मग आंघोळ त्यालाही होती, त्याच्या बायकोलाही होती. दादाजी गेल्याच्या गोंधळात राहून गेलं म्हणावं, तर दादाजी जायच्या कितीतरी आधी, टीव्हीवर धरण फुटलेलं असताना, या घरातून गरम वडे शेजारी गेले. बहीण वाहून गेली असं ज्याला वाटतं, त्याच्या घरात कढई चढत नाही. चढलेली असेल तर उतरते. तिघांनी एकच बातमी ऐकली, भिजला एकटा म्हातारा. राहिलेले दोघं कोरडे राहिले, कारण ते नाटक आहे हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं.

“पाटी पाहिली होती तुम्ही,” ते म्हणाले. “आणि त्याला सांगितलं नाही.”

“गोष्टी रचून राहिले हे,” गणपतराव फौजदाराला म्हणाला. “पुरावा काय हाये?”

“मी हाये,” सुभद्रा म्हणाली.

ती चौकट सोडून पुढे आली. तिचा आवाज बारीक होता, पण तुटत नव्हता.

“पाटी आमी दोघायनं वाचली. दादाजी निजले होते, ते मांगून उठून आले. मी वडे काढून राहिली होती, मधी मधी येऊन पाहे. खाप्याचं नाव आलं तशी मी म्हणाले गेली, का दादाजी, हे नाटक हाये. यायनं माह्या हाताले धरलं. म्हणे, गप राय. पोरगीच नाही म्हणल्यावर आता जाते कुठं म्हातारं. दादाजी उठले अन् नळाखाली बसले. टोपी बी नाही काढली. मंग अंगणाचं दार वाजवाले लागले. गणपत, मले खाप्याले घेऊन चाल, पोरीले अग्नी तरी देतो. यायनं आतून कडी लावली अन् टीव्हीचा आवाज मोठा केला.”

“आणि तुम्ही?” फौजदारानं विचारलं.

“मी बशी घेऊन बायजाबाईकडं गेली, सांगाले. हे दारात उभे होते. मी बशी देली अन् परत आली.” ती थांबली. “दिवा लावाच्या वक्ती कडी काढली, तर नळापाशी पडले होते. थंडगार. मंग यायनं कपडे बदलले अन् खुर्चीत बसवलं. ते ओले कपडे मीच दोरीवर टाकले, समोर. कोणीतरी इचारन म्हणून. सगळे आले, फोटो काढले, कोणीच नाही इचारलं.”

गणपतराव तेव्हाही रडला नाही. मी हात तरी लावला का त्यांना, एवढंच तो फौजदाराला पुन्हा पुन्हा विचारत होता. एक वाक्य बोललं असतं तर काका जगला असता, हे त्याच्या गळी कोणी उतरवू शकलं नसतं. त्याच्या हिशेबी न बोलणं हा गुन्हाच नव्हता. कडीचं विचारल्यावर मात्र तो अंगणाच्या दाराकडे पाहू लागला, आणि फौजदारानं त्याला उठवलं.

सगळ्यात आधी तोंड उघडलं ते भैय्याजीनं.

“म्हणजे पिक्चरनं नाही मेले?” तो महादेवरावांच्या कानाशी येऊन म्हणाला. त्याचा चेहरा खराखुरा पडला होता, फोटोतल्यासारखा नाही. “माहे पोस्टर छापून झाले ना जी.”

महादेवरावांनी त्याला कॉलरला धरून ओसरीच्या पायऱ्या उतरवलं. नोकरीत असताना त्यांनी हे कधी केलं नव्हतं, आणि आता त्याचं त्यांना काही वाटलं नाही.

६

सिनेमानं कोणी मेलंच नाही म्हटल्यावर तो पाहायला कोणी उरलं नाही. व्हिडिओवाल्यांनी कॅसेट परत केल्या. जे लोक खोरगड्यांच्या खिडकीतून ती खुर्ची पाहायला येत होते, ते आता अंगणाच्या दाराची कडी पाहायला येऊ लागले. महादेवरावांनी त्या गल्लीतून जाणं सोडलं. आपण जन्मभर याच माणसांत राहिलो, याच माणसांच्या तक्रारी लिहून घेतल्या, याची त्यांना शिसारी येत होती. सुभद्रेवर राग धरावा की तिची कीव करावी, हेही त्यांचं ठरत नव्हतं. ती बशी घेऊन दारापर्यंत गेली होती, आणि परत आली होती.

शाळेनं अरुंधतीला निरोप धाडला, की विषय मिटला आहे, कामावर यावं. चुकलो, असं त्यात कुठं नव्हतं. अरुंधती गेली नाही. शोधून द्या म्हणाली होती, ते महादेवरावांनी शोधून दिलं होतं, तरी ती घराबाहेर पडत नव्हती. मी वाचलं म्हणूनच ना ते नळाखाली बसले, असं ती म्हणे.

बापाचे दिवस झाल्यावर भागीरथा खाप्याला परत निघाली. जाण्याआधी त्या बाईला भेटायचं आहे, असं तिनं सांगितलं. महादेवरावांना वाटलं, आता ही शिव्याशाप देणार, आणि तो तिचा हक्कच होता. ते तिला घेऊन गेले.

अरुंधतीनं दार उघडलं आणि पांढरीफटक पडली. भागीरथा आत येऊन खाली बसली. पाणी घेतलं. मग म्हणाली, की माझ्या बापानं जे ऐकलं, ते मला ऐकायचं आहे. जसं वाचलं होतं, तसंच.

अरुंधतीनं महादेवरावांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. ती भिंतीशी ताठ बसली, हात मांडीवर ठेवले, आणि पाठ असलेलं तोंडातून आलं.

“आत्ताच हाती आलेल्या वृत्तानुसार खापा गाव पूर्णपणे पाण्याखाली गेलं आहे. नदीकाठच्या वस्तीतून कोणी वाचल्याची माहिती नाही.”

भागीरथा डोक्यावरचा पदर सावरून ऐकत होती.

“आवाज साधा हाये तुमचा,” ती म्हणाली. “मी बी खरं मानलं असतं.”

अरुंधतीला हुंदका आला. तिनं क्षमा मागायला हात जोडले, तर भागीरथेनं ते धरून खाली केले.

“तुमी काचीच्या आत होत्या, बाई. त्याच्या बाजूले जितीजागती दोन माणसं बसली होती.”

बाहेर सायकलरिक्षा उभी होती, खाप्याच्या गाडीची वेळ होत आली होती. महादेवरावांनी तशी खूण केली. भागीरथा उठली, दारापर्यंत गेली, आणि चौकटीला हात लावून थांबली.

“आता एक डाव वाचा,” ती म्हणाली. “का खापा सुखरूप हाये. रामाजी खोरगड्याची पोरगी जिती हाये, तिचे लेकरं जिते हायेत. तसंच वाचा, टीव्हीत वाचल्यावानी. त्याले कोणीच नाही सांगतलं.”

अरुंधतीनं डोळे पुसले नाहीत. ती परत भिंतीशी जाऊन ताठ बसली. पहिल्या शब्दाला तिचा आवाज फाटला, म्हणून तिनं पुन्हा सुरुवातीपासून घेतलं, आणि ती बातमी शेवटपर्यंत वाचली.